पाच जूनचं लग्न सहा मेला

सिरसाळ्याच्या सिद्धारामशेटनी आपल्या मंगल कार्यालयात कॉम्प्युटर आणला आणि तारखा तोंडी सांगणंच सोडलं. बुकिंग परळीत त्यांचा पुतण्या अमरनाथ घेई, आणि फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती सिरसाळ्याला येई. घोळ एवढाच, की परळीच्या कॉम्प्युटरचं कॅलेंडर महिना आधी लिही आणि सिरसाळ्याचं तोच आकडा दिवस म्हणून वाची. बारापुढच्या तारखा मात्र नीट बसत, कारण तेरावा महिना कॉम्प्युटरलाही सापडत नव्हता. त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

पडद्यावर सहा मेच्या रकान्यात विठ्ठलरावांच्या लेकीचं लग्न आलं. तालुक्याचे पुढारी ते! शेटनी गालिचे अंथरले, बँड सांगितला, पंचपक्वान्नं रांधायला घेतली. कमानीवर थर्माकोलमध्ये विठ्ठलरावांचं नाव झळकलं.

"अवो, एक फोन तर करा त्यान्ला," बायको जगदेवी म्हणाली.

"मोठ्या मानसाला तारीख विचारायची? म्हंजे आमी इसरलो असं व्हतंय. कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?"

सहा मेच्या सकाळी ट्रॅक्टरांतून वऱ्हाड उतरलं. पुढे फेटा सावरत राधाकिशन, दोन एकरांचा शेतकरी. शेट धावत पुढे झाले.

"तुमी कावून आलात?"

"कावून म्हंजे? पोरीचं लगीन हाय की! वरण-भात-बुंदी ठरलीती ना?"

शेटनी पडदा पाहिला. राधाकिशन पाच जूनला जाऊन बसला होता. त्यांनी परळीला फोन लावला.

"काका, उलटंपालटं झालं जनू," अमरनाथ म्हणाला. "दोन्ही कॉम्प्युटरच्या कंपन्या म्हनतेत, आमचंच बराबर हाय."

"मेलो बे मी!"

मुहूर्त तोंडावर आलेला. नवरीला दारात उभं ठेवायचं कसं? लग्न लागलं, पंचपक्वान्नांच्या पंगती उठल्या. कमानीवरचं नाव वाचून म्हातारे म्हणू लागले, "विठ्ठलरावानं गरिबाच्या लेकीचं लगीन लावलं. लई देवमानूस!" शेट मात्र पंगतीला बसलेच नाहीत. विठ्ठलराव भडकले तर कार्यालयाला कुलूपच लागणार.

दोन दिवसांनी जीप आली. विठ्ठलराव उतरले तसे शेटनी हात जोडले आणि सगळं कबूल करून टाकलं.

"म्हंजे ही मशीनची चूक?"

"व्हय मालक. आजच दुरुस्त करतो."

"येडा हायस का बे?" विठ्ठलराव हळूच म्हणाले. "इथवर येस्तोर लोकं माझ्या पाया पडायलेत. झाला खर्च माझ्याकडं. इलेक्शन होईस्तोर त्या मशीनला हात लावू नको. माझ्या पोरीची तारीख तेवढी खडूनं भिंतीवर लिव्ह."