आदिवेलीच्या सात वैशाखांची हकीकत

श्री. मुळास ओल देणारा आणि मण्यात गोडी भरणारा जो, त्यास प्रथम नमन असो. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरापासून पुढे एका नदीकाठच्या राज्यात कसबे मांडवपेठ येथे जे वर्तमान जाहले, ते पाहिले-ऐकिले तैसे येथे उतरिले असे.

कसबा बहुत जुना. पूर्वी कोणी परमुलुखीचा व्यापारी आला, त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून द्राक्षाची एक काडी आणिली आणि चावडीपुढे रोविली, तीच आदिवेल. मग तिच्या काड्यांपासून गावचे एकूणएक मळे जाहले, आणि तिचा मांडव वाढत वाढत चावडी, पार आणि अर्धी पेठ झाकून बसला. गावात पाहण्याजोगी स्थळे तीन. एक वेस, तिच्या कमानीवर दगडी घोस कोरिला आहे, त्यास माकडेही फसतात ऐसे गावकरी छाती फुगवून सांगत, खरेखोटे देव जाणे. दुसरे तळघर, तेथे बारा रांजण गळ्यापर्यंत पुरिले आहेत आणि ऐन उन्हाळ्यात अंगावर काटा येतो. तिसरी आदिवेल. तिच्या रसाचे द्राक्षासव बाराव्या रांजणात मुरे आणि प्रतिवर्षी हुजुरांकडे रवाना होई, आणि त्या एका रांजणामुळे दरबारी कसब्याचे नाव निघे.

या वेलीची कात्री सुभानजी माळी याचे घरी पिढीजात होती. चैत्र लागला की तो खरड छाटणी करी, म्हणजे साऱ्या काड्या बुंध्याशी कापून वेल पार बोडकी करी. मग महिना दीड महिना मांडव उघडा पडे, पेठेत ऊन उतरे, आणि परका माणूस म्हणे की वेल मेली. परंतु छाटल्यावर जी नवी काडी फुटते तीतच घोसाचा डोळा धरतो, ही त्या घराण्याची विद्या.

ऐसे असता हुजुरांचे चित्तात आले की ज्या वेलीचे आसव आपण घेतो ती एकदा डोळ्यांनी पाहावी, आणि वैशाखी स्वारी येणार ऐसा निरोप आला. गावचे शेटे, म्हणजे पेठेचे कारभारी, निंबाजी यांची तारांबळ उडाली. त्यांनी सुभानजीस बोलावून सांगितले की, हुजुरांस काय खुंट दाखवावे? यंदा कात्री ठेव, पुढले साली दुप्पट छाट. सुभानजीस ठाऊक होते की छाटणी चुकली म्हणजे घोस चुकला. परंतु स्वारीपुढे नवे पागोटे बांधून वेलीपाशी उभे राहण्याचा मानही त्यासच मिळणार होता, आणि तो मोहात पडला. घरी त्याची बायको गोजराबाई हिने भाकरी थापता थापता म्हटले, "अवो, हुजूरास्नी सांगा जाऊन. पानांनी रांजण भरतोय व्हय?" तो जेवून उठला आणि कात्री खुंटीस अडकविली.

वैशाखी स्वारी आली. मांडव हिरवागार, खाली गारवा, हुजूर बहुत संतोष पावले, सुभानजीस शेला दिला आणि निघताना म्हणाले की आम्ही दरसाल याच दिवसांत येऊ. मग झाले. दरसाल चैत्र आला की कात्री खुंटीवर आणि सुभानजी पागोट्यात. माघात, घोस पिकावयाच्या दिवसांत, मांडवाखाली पाहावे तो पाने उदंड आणि घोस औषधालाही नाही. मग गावच्या मळ्यांतून घेतले तर बोभाटा होईल म्हणून शेट्यांनी शेजारच्या राज्यातून आसव आणवून बाराव्या रांजणात ओतविले आणि हुजुरांकडे पाठविले, आणि तळघराची कुलपे घट्ट केली. सुभानजी वेलीखाली बसे, जाड जुन्या काड्या चाचपी आणि मनात झुरे. ऐसी सात वर्षे गेली.

आठव्या वैशाखी हुजूर मांडवाखाली बसले आणि सहज पुसिले की, "माळीबुवा, यंदा घोस किती धरले?" शेटे खोकू लागले. परंतु सुभानजीने पागोटे उतरून भुईस ठेविले आणि तो बोलिला, "महाराज, सात सालं येक मणी न्हाई. तुमी येनार म्हून वेल छाटलीच न्हाई. म्या जानत हुतो, पर तोंड उघडलं न्हाई." हुजूर कोपले नाहीत. वर पानांकडे पाहून म्हणाले, "अरे, आम्हांस काय ठाऊक? सांगितले असते तर आम्ही माघात आलो असतो."

दुसरे दिवशी सुभानजीने कात्री उतरविली. सारी वेल छाटिली. परंतु खोड थकले होते, दिवस टळले होते, आणि जुन्या काष्ठातून डोळा फुटेना. त्याने पुढला चैत्र येईतो रोज घागर घातली. वेल उठली नाही.

येणेप्रमाणे कसबे मांडवपेठचे वर्तमान. हल्ली पाहण्यास येणाऱ्यांस वेस दाखवितात, तळघर दाखवितात, आणि चावडीपुढे एक वाळले खोड दाखवितात. सुभानजी होता तोवर तेथेच बसे, आणि कोणी काही न पुसता सांगे की, महाराज माघात आले असते.