शेवंताच्या हाताची चव

एका जंगलात, बरं का मुलांनो, वीज नव्हती, पण टीव्ही होता. त्यावर शेवंता नावाची साळिंदरीण स्वयंपाक शिकवायची.

शेवंता पुस्तकंही लिहायची. चित्रं स्वतःच काढायची. अंगावरचा एक काटा उपटायची, जांभळाच्या रसात बुडवायची आणि वांगं असं काढायची, की माकडं कागद चाटत बसायची.

साध्या वांग्याला एक काटा लागे. भरल्या वांग्याला तीन.

तिच्या धाकट्या भावाचा, पिराजीचा, जीव खालीवर व्हायचा.

“ताये, मागनं पार उघडी पडलीस. बिबट्या बघतोय.”

“टीव्ही बघतोय रे तो. काटे उगवतील परत.”

“पुस्तकाच्या घाईनं उगवतात होय?”

तेवढ्यात प्रकाशक कोल्होबा आले. “शेवंताबाई, लोणच्यांचं पुस्तक तेवढं राहिलंय. वाचक खोळंबलेत.”

शेवंता लाजली. लोणच्यांत उरलेले सगळे काटे गेले. कैरीच्या फोडी फार होत्या.

पुस्तक गाजलं. जो तो म्हणू लागला, “शेवंताबाईंच्या हाताला काय चव आहे!”

बिबट्यानं हे ऐकलं. तो सरळमार्गी होता. सांगावं तेवढंच त्याला कळायचं. तो मुकाट्यानं सहीच्या रांगेत उभा राहिला. कुणाला ढकललं नाही. नंबर आल्यावर शेवंतानं पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

त्यानं हात चाखला. मग राहवेना, म्हणून बाकीची शेवंताही चाखली.

सह्यांचा हा कार्यक्रम टीव्हीवर चालू होता. प्रेक्षकांना वाटलं, नवा पदार्थ आहे. काहींनी कृती विचारली.

शोकसभा मोठी झाली. कोल्होबा हुंदके देत म्हणाले, “अशी चवीची हाती पुन्हा होणे नाही!” दुःखात त्यांचे शब्द उलटेपालटे झाले. बिबट्यानं डोळे पुसत मान डोलावली.

पिराजी ताडकन उठला.

“खोटं आहे! तिच्या पिठल्यात गुठळ्या असायच्या. भाकरी एका अंगाला करपायची. मी खायचो रोज. मला तीच लागायची!”

सभा खवळली. “सख्ख्या बहिणीला नावं ठेवतोस? हाकला याला!”

बिबट्या तेवढा हळहळून म्हणाला, “अरे पिराजी, हे आधी बोलायचं होतंस की. मी कशाला रांगेत उभा राहिलो असतो?”



तात्पर्य : घरच्या सुगरणीला चारचौघांत नावे ठेवावीत. तिचे आयुष्य वाढते.