कार्तागेना, तालुका मालवण

प्रवासाने माणूस मोठा होतो, असं थोर लोकांनी लिहून ठेवलं आहे. हे थोर लोक किती किलो सामान घेऊन निघत, ते मात्र कुणीच लिहिलेलं नाही. नेरूरकरच्या मते तेवढंच महत्त्वाचं होतं.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची पाइप आणि व्हॉल्व्हची कंपनी होती. मी परचेसमध्ये आणि नेरूरकर स्टोअरकीपर. स्टोअरच्या दाराशी माल तोलायचा मोठा काटा होता. कंपनीच्या समजुतीप्रमाणे तो व्हॉल्व्हसाठी होता. प्रत्यक्षात सुट्टीवर गावी निघालेला प्रत्येक माणूस आपले खोके घेऊन त्या काट्यावर यायचा, कारण विमानात तीस किलोच्या वर एक साबणवडी गेली तरी काउंटरवरचा माणूस चारचौघांत खोका फोडायला लावायचा.

नेरूरकर खोका नुसता हाताने उचलून सांगायचा, "एकतीस चारशे." काट्यावर ठेवला की एकतीस चारशेच भरायचे. मग तो खोका उघडून न्यायनिवाडा करायचा. "हा टॉर्च कोणाला?"

"मोठ्या मेहुण्याला."

"मेहुणे किती?"

"तीन."

"मग दोघांना टॉर्च, एकाला सेल. आधी वजन, मग नाती."

शेवटी नायलॉनच्या दोरीने तो खोका असा आवळायचा की गावी पोहोचल्यावर कोयत्याशिवाय सुटू नये. मग जाड मार्करने चारही बाजूंना नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. "चारी बाजूंनी लिहावं," तो म्हणायचा. "खोका कुठल्या अंगावर पडेल, सांगता येत नाही."

स्वतः नेरूरकर मात्र सुट्टीवर जात नसे. त्याला जायचं होतं कार्तागेनाला.

कार्तागेना हे दक्षिण अमेरिकेतलं, कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं जुनं शहर. कुठल्याशा शिपिंग एजंटच्या कॅलेंडरवर त्याचा फोटो होता: समुद्र, काळसर दगडी तट आणि तटाच्या आत पिवळी-निळी घरं. ते कॅलेंडर स्टोअरच्या भिंतीवर मे महिन्यात अडकलं होतं. वर्षं उलटली, पान उलटलं नाही. "अगदी आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यासारखा तट बघ," तो म्हणायचा. "फक्त ह्यांनी आत भाडेकरू ठेवलेत."

तिथे जायचं तेही टूरबरोबर नाही, पाठीवर सॅक टाकून, मित्रांबरोबर. मित्र म्हणजे मी आणि सेल्समधला इनामदार. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्यातून इनामदार हा पडलेला रुमालसुद्धा ऑफिसबॉयकडून उचलून घेणारा माणूस. पण एका शुक्रवारी सकाळी सहाला नेरूरकर दारात उभा राहिला, पाठीवर अठरा किलो बासमती घेऊन. "तालीम," तो म्हणाला. "यल्ला, उचला."

त्यानंतर दर शुक्रवारी शारजाच्या कॉर्निशवर तीन मराठी माणसं पाठीवर तांदूळ घेऊन चालताना दिसत. इनामदारने दुबईहून सॅक आणली होती. तिला कमरपट्टा होता, शिट्टी होती आणि होकायंत्र होतं. कॉर्निशवर एका बाजूला सरळ रस्ता आणि दुसऱ्या बाजूला पाणी, तरी तो होकायंत्र बघून चालायचा. माझी मुलगी खिडकीतून बघून आईला सांगायची, "मम्मी, नेरूरकर अंकल इज हिअर विथ द राइस."

एकदा पोलिसांची गाडी थांबली. आतल्या हवालदाराने आखातातल्या हिंदीत विचारलं, "किदर जाता?"

"कार्तागेना," नेरूरकर म्हणाला.

हवालदाराने थोडा विचार करून पलीकडच्या अमिरातीचं नाव घेतलं. "उम्म अल क्वैन के बाद?"

"थोडा आगे."

"चलके?"

"इन्शाल्ला."

गाडी निघून गेली. हा एकच सरकारी माणूस आम्हाला कसलाही कागद न मागता पुढे जाऊ देणारा होता.

तालीम सहा वर्षं चालली. दर वर्षी जानेवारीत तारीख ठरायची आणि दर वर्षी जूनमध्ये मोडायची. कधी माझ्या मेहुण्याच्या मुलाची मुंज, कधी इनामदारच्या पुण्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत. सुट्टी एकच, ती गावीच जाते. "पुढच्या वर्षी नक्की," आम्ही म्हणायचो.

"बरं," नेरूरकर म्हणायचा. "खोका आण, बांधून देतो."

आणि ज्या सुट्टीत आम्ही त्याला टांग दिली, त्याच सुट्टीचे खोके तो मन लावून बांधायचा. दोरीला एक गाठ जास्तच मारायचा.

सहाव्या वर्षी कंपनीत नवा पर्सोनेल मॅनेजर आला. त्याने फाइल काढली आणि विचारलं, हा माणूस सहा वर्षं रजेवर का गेला नाही? स्टोअरकीपर रजा घेत नसेल तर स्टोअरमध्ये काहीतरी भानगड असली पाहिजे, असं त्याच्या पुस्तकात होतं. त्याने लेखी हुकूम काढला: जुलैचा पूर्ण महिना सक्तीची रजा.

त्या संध्याकाळी नेरूरकर आमच्या घरी आला. पाठीवर तांदूळ नव्हते. चहा गार होईपर्यंत बसला आणि म्हणाला, "ह्या वर्षी तरी चला रे. महिनाभर मी करू काय?"

सहा वर्षांत त्याने विनंती अशी पहिल्यांदाच केली होती. मी मेहुणीच्या डोहाळजेवणाचं कारण तयार ठेवलं होतं. ते बाहेर यायच्या आत आतून बायको म्हणाली, "हे येतील, भावोजी."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, तिकडे माणसं पळवून नेतात म्हणे."

"तुम्हाला नेलं तर दोन दिवसांत आणून सोडतील," ती म्हणाली. "पण त्या माणसाला एकटं सोडू नका."

इनामदारला मी आठवण करून दिली की, ही सुट्टी रिकामी राहिली तर बायकोच्या माहेरी महिनाभर राहण्याचं जुनं वचन पाळावं लागेल. तो लगेच तयार झाला.

व्हिसासाठी जे सोसलं ते सांगत नाही. मे गेला, जून गेला आणि जुलैत तीन विमानं बदलून आम्ही पोहोचलो. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच इनामदार थबकला. "अर्धी पृथ्वी ओलांडून हवा शारजाचीच?"

नेरूरकरला त्याचं काही नव्हतं. कॅलेंडरमधला तट समोर होता आणि त्याच्या पाठीवर बरोबर तीस किलोंची सॅक होती. तिला नायलॉनची दोरी होती आणि चारही बाजूंना लिहिलेलं होतं: मुक्काम पोस्ट, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. आमच्या गेस्ट हाउसमध्ये उतरलेल्या एका जर्मन पोराने या लिपीचा अर्थ विचारला. इनामदारने तो मंत्र असल्याचं सांगितलं. पोराने तो पिनकोडसकट वहीत उतरवून घेतला.

पण ती सॅक नेरूरकर उघडेना. चार दिवस तो खांद्यावरच्या छोट्या पिशवीतले दोन शर्ट आलटून पालटून धुऊन घालत होता आणि आम्ही तटावरून फिरताना ती सॅक पाठीवर वागवत होता. "अरे, खोलीत ठेव ना," मी म्हणायचो.

"राहू दे. सवय आहे."

गेस्ट हाउस एका सत्तरीच्या म्हातारीचं होतं. तिचा पहिल्या दिवसापासून नेरूरकरवर राग, कारण तो धुतलेले शर्ट तिच्या ओट्यावर वाळत घालायचा. ती स्पॅनिशमध्ये ओरडायची, तो मालवणीत उत्तर द्यायचा आणि दोघांचं भांडण कुठेही न अडखळता चालायचं. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही खाली आलो तर म्हातारी भातात घालायला नारळ खवत होती आणि तो तिच्या हातातून नारळ काढून घेत होता.

"अशी नाय खवत, बाय. हयसून धर."

अर्ध्या नारळाने भांडण मिटलं. मग त्याने सॅक ओट्याशी आणली, कोयता मागितला आणि दोरी कापली.

बदाम निघाले. अत्तराची बाटली, बामच्या सहा डब्या, टॅल्कम पावडर, नेलकटरचं अख्खं पाकीट, दुधाच्या पावडरचा मोठा डबा. आणि सगळ्यांत खाली, त्या उकाड्यात, वाघाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट. तो एकेक वस्तू ओट्यावर मांडत गेला.

"ह्यां तुका. ह्यां सुनेक. ह्यां बाजूच्या घरात दी. आणि ह्यां थंडीत घे."

इनामदार काहीतरी बोलायला गेला. मी त्याचा हात दाबला, कारण ही यादी माझ्या ओळखीची होती. असा खोका आखातातून एकाच पत्त्यावर जातो.

"नेरूरकर," मी विचारलं, "हा खोका कधीचा?"

"सहा वर्षांमागचो," तो ब्लँकेटची घडी सारखी करत म्हणाला. "बांधून झाललो. तिकीट खिशात होता. स्टोअरमध्ये फोन इलो, आवस गेली. मे महिनो." त्याने समोरची भिंत बघितली, जणू तिथेही आई गेली त्या महिन्याचं कॅलेंडर होतं. "घरात दुसरा कोण नाय. भरललो खोको कोणाक देतलंय?"

म्हातारीला यातलं एक अक्षर कळलं नाही. तिने ब्लँकेट गालाला लावून बघितलं. मग दुधाचा डबा उलटा करून तारीख वाचली आणि त्याच्यावर पुन्हा ओरडायला लागली. पावडर मोरीत ओतली, डबा घासला आणि त्यात तांदूळ भरून फळीवर ठेवला. नेरूरकर खाली मान घालून ऐकत होता. इतका समाधानी मी त्याला काट्यावरसुद्धा पाहिला नव्हता.

उरलेले दिवस त्याने तट पाहिला नाही. तो स्वयंपाकघरात बसून ओरडा खात होता. निघताना म्हातारीने त्याच्या सॅकमध्ये एक पुडकं कोंबलं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याने सॅक स्टोअरच्या काट्यावर ठेवली. दोन किलो नऊशे. दोन किलो सॅकचे, नऊशे ग्रॅम नारळाच्या वड्या.

त्याने सगळ्या स्टोअरला वाटल्या. साखर जरा जास्त होती.