दोन कंपन्या, दोन कप्पे

म्हातारा लो तिएन-शुई बुडणं शक्यच नव्हतं! जन्मभर तैवानातल्या शिन्चू शहरात बस चालवली असली, तरी गणित पक्कं होतं. संगणकावर चित्रं हलवणाऱ्या चिपांच्या दोन अमेरिकन कंपन्या, झेनिथ आणि ओरायन. एकमेकींच्या उरावर बसलेल्या! दोघींचे शेअर घ्यायचे. एक मेली की दुसरी तिचं मढं खाऊन गुबगुबीत होणार!

पैशांसाठी त्यानं डोंगरावरच्या अस्थिघरातले, मेल्यावर अस्थिकलश ठेवायचे दोन कप्पे बायकोला, युए-ओला, न सांगता विकले. शेजारी-शेजारी, समुद्र दिसणारे. चाळीस वर्षांचं भांडण मेल्यावर अर्धवट राहू नये म्हणून तिनं स्वतः निवडलेले.

महिनाभर एक चढली की दुसरी तेवढीच पडे. हाती भोपळा! मग लोनं ठरवलं, ओरायन मारायची.

मुलगी पेई-चेन चिपांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथं प्रत्येक मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं. पिवळं ठेवलं तर रुसतं. एवढे शिकलेले लोक, पण यावर कुणी हसत नाही.

"पोरी, हे हिरवं झेनिथच्या मशीनवर. पिवळं ओरायनच्या."

"बाबा, मशीन एकच आहे. दोघींच्या चिपा आम्हीच बनवतो."

इथं डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. लो म्हणाला, "मग ओरायनची पाळी आली की पिवळं ठेव."

"नोकरी घालवता का माझी!" तिनं दोन्ही पाकिटं परत दिली.

लोनं पिवळं गुपचूप तिच्या पिशवीत डब्याखाली सारलं.

दुपारी डबा काढताना ते नियंत्रणाच्या टेबलावर पडलं. साहेबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पाकिटाहून पिवळा! मशीन बंद! संपूर्ण तपासणी! माल लांबणीवर!

तिसऱ्या सकाळी लो सोयाबीनच्या दुधात पिठाची तळलेली काडी बुडवत बसला होता. एरवी भाव दलाल फोनवर सांगायचा. आज त्यानं पहिल्यांदाच मोबाइलवर स्वतः पाहिला. दोन्ही नावं लालभडक! आणि लाल म्हणजे चढ, हे तैवानात शेंबडं पोरही सांगेल.

"युए-ओ! दोन्ही चढल्या! आता सांगायला हरकत नाही, आपले कप्पे विकून घेतले होते शेअर!"

युए-ओचा वाडगा हवेतच राहिला. "माझा समुद्र विकलात?"

"अगं, दहा समुद्र घेऊन देतो!"

पेई-चेननं मान वाकडी करून मोबाइल पाहिला. "बाबा, हे ॲप अमेरिकेचं. तिथं हिरवं म्हणजे चढ."

"आणि लाल?"

"दोघी मेल्या."

उरलेल्या पैशांत एकच कप्पा आला. तळमजल्यावर, ओल आलेल्या भिंतीत, झाडू ठेवायच्या खोलीशेजारी.

"आधी जाईल त्याचा," लो पुटपुटला.

"माझ्या नावावर करा."

"अगं, पण त्यासाठी तुला आधी मरावं लागेल."

"चालेल." युए-ओनं पावती उलटसुलट करून पुन्हा वाचली. "जागा नक्की एकाचीच आहे ना?"