गरम झाल्याबिगर उतरायचं नाही

आमच्या सिहोऱ्यात मेश्राम काकाजींना लिफ्ट मागायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी शाळेत नवा बदलून आलो, त्यांच्या शेजारी खोली घेतली, आणि मला मात्र हे कुणी सांगितलं नाही.

तुमसरच्या बसला मला उशीर होत होता म्हणून मी म्हटलं, "काकाजी, स्टँडवर सोडता का?"

"बसा न गुरुजी."

स्टँड आला. बस उभी होती. मी कंडक्टरकडे पाहिलं, कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, आणि काकाजींची फटफटी सरळ पुढं निघून गेली.

"काकाजी, स्टँड मागं राहिला!"

"मालूम आहे. पन सायलेन्सर कुठी गरम झाला अजून? थंडाच बंद केला तं अंदर पानी राह्यते. जंग भायेरून नाई लागत गुरुजी, अंदरून लागते. गरम झाल्याबिगर उतरायचं नाई."

चांदपूरच्या तलावाला वळसा घालून त्यांनी मला परत स्टँडवर आणलं. बस केव्हाच गेली होती. सायलेन्सर मात्र झकास तापला होता.

काकाजी निवृत्त लाइनमन. उभा जन्म विजेच्या खांबांवर गेला, पण माणूस कधी विजेला भ्याला नाही. भ्याला तो फक्त गंजाला. गाडी वीस वर्षांची. सीट फाटलेली, हॉर्न मुका, हेडलाइट झाडावरची माकडं शोधत असल्यासारखा वर बघणारा. त्याचं काकाजींना काही नाही. सायलेन्सर तेवढा नवरदेवासारखा! रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, गार असताना तेलाचं बोट फिरवायचं. लग्नाला गेले तर मांडवाआधी चढ शोधायचे. गाडीचं तोंड चढाकडे असलं की सायलेन्सरमधलं पाणी मागून गळून जातं म्हणे. एकदा चढ सापडेपर्यंत पंगत उठली होती.

गाडी धुताना सायलेन्सरच्या तोंडात ते वांगं खुपसायचे. कापडाचा बोळा पाणी पितो, वांगं पीत नाही, हा त्यांचा शोध. एका रविवारी ते काढायचं विसरले आणि किक मारली. वांगं सुटलं ते थेट माझ्या दाराशी. मी उचलायच्या आत शेजारच्या बकरीनं ते खाल्लं. काकाजींनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "आता हिले नाई लागत जंग."

एवढं करूनही गेल्या पावसाळ्यात सायलेन्सरला खालून भोक पडलंच. काकाजींचं जेवणावरून मन उडालं. मला त्यांची दया आली. गाडी क्लचसाठी मिस्त्रीकडे गेली तेव्हा मी गुपचूप नवा कोरा सायलेन्सर आणून बसवून घेतला. जुना भंगारवाल्यानं नेला.

काकाजी गाडी न्यायला आले. किक मारली, कान देऊन ऐकलं, आणि गाडी बंद करून तिथल्याच दगडावर बसले.

"जुना कुठी आहे?"

"भंगारात. आता हा दहा वर्षं बघायला नको, काकाजी!"

"तुमी चांगल्या मनानं केलं गुरुजी," ते हळूच म्हणाले. "बसा मांगं."

त्या दिवशी ते गरम करायला कुठंच गेले नाहीत. सरळ घरी आलो. दारात काकू लसूण सोलत होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली. गाडी अंगणात थांबली तसे त्यांचे हात थबकले. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "कोन पायजे जी? थे घरी नाईत."

काकाजी गाडीवरून उतरले. मग घसा खाकरून म्हणाले, "मीच होय व."

काकू ओशाळल्या. घाईनं चहा ठेवायला आत गेल्या, जाताना चौकटीला खांदा लागला.

"तलावाच्या पारीवर, बांधावर, गाडी वाजली का थे चहा मांडते," काकाजी मला म्हणाले. "मी दारात, अन कप हातात. तिले वाटते, आपल्याले दिसून राह्यलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक भंगारवाल्याकडे गेलो, शाळेच्या पँटवर ढिगाऱ्यात शिरलो आणि तो गंजका सायलेन्सर पोटाशी धरून बाहेर आलो. भंगारवाला म्हणाला, "गुरुजी, तुमालेबी लागलं काय काकाजीचं येड?" मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, पण भोकाला पत्र्याचं ठिगळ जोडून जुनाच गाडीला परत चढवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकाजी म्हणाले, "बसा." चांदपूरपर्यंत जाऊन आलो. परतताना गाडी पारीवर चढली तसे काकाजी पाठ ताठ करून बसले.

अंगणात शिरलो तर काकू दारात उभ्या. हातात ताट, ताटात दोन कप.

"या गुरुजी," त्या म्हणाल्या.

मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. "काकू, मी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"गाडी जड वाजून राह्यली न," काकू हसल्या. "अन वजन वाढलं बाप्पा तुमचं."

काकाजी मान खाली घालून सायलेन्सर पुसायला बसले. गरमच होता तो, चांगलाच चटका बसला असणार. पण बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.