बळीरामजींची विलायती मोटार

पंगतीत बळीरामजींच्या शेजारी बसलं, की भात वाढेपर्यंत त्यांच्या गोष्टीत मोटारीची कंपनी निघायची आणि बुंदी येईपर्यंत सहा सिलिंडरचं इंजिन तयार व्हायचं. खापरखेड्याच्या वीजघरातले हे फिटर, माझे शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःजवळ एक सायकल, पण राजेमहाराजांच्या त्या विलायती मोटारीचा इतिहास स्वतःच्या घराण्याचा असल्यासारखा सांगत.

"दोन भागीदार होते गा. एक विमान पडून मेला. तरी दुसऱ्यानं गाडीवरचं त्याचं नाव काहाडलं काय? नाही!"

सांगताना ऐकणाऱ्याचा हात घट्ट धरत. तेवढ्यात भाजी वाढणारा पुढं निघून जाई.

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका जमीनदार मालगुजारांनी वरातीला नेमकी तीच मोटार दिली. बळीरामजी धावत आले.

"नवरदेव, मले काही नको. मागं कोपऱ्यात बसू देजो. जल्मभर जिच्या गोष्टी सांगितल्या, तिच्यात एकडाव बसाचं हाय."

मी हो म्हणालो. आणि ऐन वेळी शब्द फिरवला. सासरच्या माणसांसमोर इतिहास सुरू होईल, याची मला लाज वाटली. त्यांच्या जागी एका जाडजूड मावसभावाला बसवलं आणि त्यांना म्हणालो, "तुम्ही पुढं नाचा ना, बळीरामजी!" आजही ते आठवलं की मान खाली जाते.

ते नाचले नाहीत. बॉनेटशेजारून चालत ड्रायव्हरला बजावत राहिले, "बँडच्या चालीनं काहून चालवून राहिला गा? इंजिन तापन ना!"

रामदासपेठेच्या वळणावर गाडीनं भसकन वाफ सोडली. पोरं धक्का मारायला धावली. बळीरामजी आडवे आले.

"हात नाही लावाचा! हातगाडी हाय काय ते? थंडी होऊ द्या."

मी बाशिंग सावरत मांडवापर्यंत पायी गेलो. ते गाडीपाशीच थांबले. मंगलाष्टकं चुकली, पंगतही चुकली.

पुढचं मला ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "बसा ना जी आता." बळीरामजींनी चपला रस्त्यावर काढल्या, धोतर झटकलं आणि मागच्या सीटवर एका कडेला अंग चोरून बसले.

"मोकळे बसा ना, जागा हाय."

"राहू दे गा. आमच्या मंडळीले खिडकीच लागे."

मग त्या रिकाम्या जागेकडे वळून, हळू आवाजात, त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.