ओला, सुका आणि श्रावणातला

बळीराम घरतांचं तेरावं शनिवारी उरकलं आणि रविवारी घंटागाडीने रोडपालीतल्या त्यांच्या इमारतीचा कचरा नाकारला.

"आमचा कचरा वेगळाच असतो!" सेक्रेटरी काशिराम बनियनवरच खाली धावले. "तीन वर्षं पालिकेचा पहिला नंबर हाय आमचा!"

"तो काकांचा नंबर होता, शेठ," गाडीवरचा अरबाज म्हणाला. "रोज पहाटे सगळ्यांच्या पिशव्या सोडून ओला-सुका तेच करायचे. तेरा दिवस त्यांच्यासाठी गुपचूप उचलला. आता नाही."

बळीरामांची मुलगी स्नेहल गॅलरीत उभी होती. बाबा पहाटे फिरायला जातात, अशी तिचीही समजूत होती.

गुरुवारी पालिकेचे लोक बक्षिसासाठी पाहणीला येणार होते. काशिरामांनी जिन्यात नोटीस लावली: 'पृथ्वी वाचवा.' सोमवारी ती नोटीस अंड्यांच्या टरफलांभोवती गुंडाळलेली सापडली.

मंगळवारी ते स्नेहलकडे आले. "पोरी, बाबाचं काम आता तूच चालव. तुमच्या घरान्याला सवय हाय त्याची."

स्नेहल म्हणाली, "चालेल, काका. बाबा घरी येऊन सगळं सांगायचेच."

"काय सांगायचा?"

"कोणाच्या पिशवीत काय होतं ते."

काशिराम खुर्चीत सरळ झाले. "माज्या पन?"

"श्रावणातलंसुद्धा."

"ती कोलंबी मेव्हन्यानं आनलेली! मी नुसता रस्सा..." ते उठलेच. "तू नको तरास घेव. आमी बघतो."

संध्याकाळपर्यंत बातमी चौथ्या मजल्यावर पोचली. मधुमेहामुळे गोड सोडलेल्या भामाकाकू पेढ्यांच्या खोक्याचे कात्रीने बारीक तुकडे करत बसल्या. मग हळूच स्नेहलचं दार ढकलून म्हणाल्या, "बाबा गेले, ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं, असंच समजायचं ना गं?"

गुरुवारी प्रत्येक दाराशी दोन डबे होते. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. पाहणीला आलेल्या बाई भारावल्या. "एवढी प्रेरणा मिळाली कशातून?"

"पुढच्या पिढीचा विचार," काशिराम म्हणाले. "तो आतून यावा लागतो."

फोटो झाल्यावर ते स्नेहलजवळ सरकले. "खरं सांग. बाबा अजून काय काय सांगायचा?"

"सगळंच," स्नेहल म्हणाली.

अकरा वर्षं बाबा पहाटे दारात येऊन एकच वाक्य बोलत आले होते, "थांब, चहा देऊ नको, आधी हात धुतो."